आबा जेवत का नव्हते: एका घरातल्या दिनक्रमाचा प्रकरण अभ्यास

(नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्यास कुटुंबाची संमती आहे.)

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातलं उसाचं आणि दुभत्या जनावरांचं गाव. आबांचं वय ६६. दीड एकर ऊस, दोन म्हशी. घरात आबा, त्यांच्या पत्नी (घरात सगळे त्यांना आक्का म्हणतात), मुलगा, सून आणि सातवीतला नातू. मुलगा साखर कारखान्यात पाळीवर जातो. रान आणि म्हशी मुख्यतः आबा आणि आक्काच बघायचे.

एका सकाळी आबा उठले ते उजवा हात-पाय लुळा घेऊनच. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. आबांचा झटका झोपेत आला, त्यामुळे तो नेमका कधी आला हे सांगता येईना आणि इंजेक्शन दिलं गेलं नाही. नऊ दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले. पुढे फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागले आणि पायात चांगली ताकद आली. मला बोलावलं गेलं तेव्हा झटक्याला दहा आठवडे झाले होते. काठी घेऊन, एक माणूस सोबत असेल तर आबा घरात चालत होते. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. उजवा हात खांद्यातून अर्धा वर जायचा. मूठ मिटायची, पण आपोआप उघडायची नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माणूस रोजची कामं कशी करतो, कुठे अडतो आणि ती अडचण शरीरात आहे की घरात, कपड्यात, भांड्यात, माणसांच्या वागण्यात आहे, हे बघणं माझं काम. आपल्याकडे याचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाताई निंबकरांनी सुरू केलं. तरी गावात गेलं की मला 'दुसऱ्या व्यायामवाल्या बाई' म्हणतात. ते मी मनावर घेत नाही.

सांगितलेली अडचण

डॉक्टरांनी पाठवलेल्या चिठ्ठीत दोन ओळी होत्या: पेशंट जेवत नाही, वजन उतरलंय. मनाने खचलेत का ते बघा. डाव्या हाताने जेवायला शिकवा.

घरच्यांचं म्हणणं थोडं वेगळं. मुलगा म्हणाला, "दवाखान्यात डाव्या हातानं चमच्यानं खात होते की! घरी आल्यावर नाही म्हणतात. हट्टी हाईत." सून म्हणाली, "मामांना मी भरवते, तरी चार घासांवर तोंड फिरवतात." आक्का काही बोलल्या नाहीत. त्या चहा टाकायला उठल्या.

जेवत नाही म्हटलं की आधी गिळण्याची शंका घ्यायची असते. पक्षाघातानंतर पाणी किंवा पातळ आमटी श्वासनलिकेत जाते, ठसका लागतो, आणि माणूस भीतीने खाणं टाळतो. कधी ठसकाही लागत नाही आणि थेट न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी ते तपासलं होतं. मीही आबांना घोट घोट पाणी पिताना पाहिलं. ठसका नव्हता, घशात पाणी अडकल्यासारखा आवाज ओला होत नव्हता, गालात घास साचत नव्हता.

उदासीची शंकाही रास्त होती. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, आणि ते अंगावर काढणं घातक असतं. आबा गप्प होते, बाहेर जात नव्हते, अन्नावर वासना नव्हती. कागदावर सगळ्या खुणा जुळत होत्या.

पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. एक म्हणजे आबा पाणीही पीत नव्हते. दिवसभरात तांब्याभरही नाही, आणि हे घरात कुणी सांगितलं नव्हतं. खाटेखालचा तांब्या सकाळी भरलेला तसाच दुपारी होता म्हणून दिसलं. दुसरं, गोठ्यातून म्हैस रेकली की आबांची मान लगेच तिकडे वळायची, आणि "वैरण टाकली का?" हे ते अगदी स्पष्ट विचारायचे. ज्याची सगळ्यातूनच इच्छा उडाली आहे त्याला वैरणीची काळजी नसते, असं मी म्हणणार नाही, पण इथे थांबून बघावंसं वाटलं.

मुलगा पाळीवर गेल्यावर मी आबांना विचारलं, भूक लागत नाही का. बराच वेळ ते रेडकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खाल्लं की जायला लागतंय नव्हं."

खरी अडचण

परसातला संडास स्वच्छ भारत मिशनच्या बारा हजारांच्या अनुदानात बांधलेला. जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा, दोन फुटांचं दार, उंबऱ्याला सहा इंचांची पायरी, आत भारतीय पद्धतीचं भांडं. आबांच्या उजव्या पायाचा घोटा ताठ झाला होता. उकिडवं बसताना टाच जमिनीला टेकत नाही, आणि टाच टेकली नाही की तोल मागे जातो. म्हणून मुलाने आधीच प्लास्टिकची भोकाची खुर्ची आणून भांड्यावर ठेवली होती आणि वेल्डरकडून भिंतीला जी.आय. पाइपचा आधार मारून घेतला होता. पोराने बापासाठी मनापासून केलं होतं. तरी प्रत्येक वेळी त्याला किंवा आक्कांना आत जावं लागत होतं, आणि का ते कुणाला सांगता येत नव्हतं.

मी आबांना सगळे कपडे घालूनच, नुसतं जाऊन बसून दाखवायला सांगितलं. आत शिरताना पाइप डाव्या हाताला होता, छान धरता आला. मग बसण्यासाठी दाराकडे तोंड करून वळायचं. वळलं की तोच पाइप उजव्या बाजूला गेला, लुळ्या हाताकडे. डाव्या हाताला नुसती गुळगुळीत भिंत. बसायलाही आधार नाही, उठायलाही नाही.

त्याहून मोठी अडचण पाण्याची होती. नळ आणि टमरेल उजव्या बाजूला, कारण तशीच आपली रीत: उजव्या हाताने पाणी ओतायचं, डाव्याने धुवायचं. म्हणजे हे दोन हातांचं काम. पायांच्या व्यायामात, चालण्याच्या सरावात, अगदी दवाखान्यातल्या सरावातही हे कधी समोर आलं नव्हतं, कारण तिथे वॉर्डबॉय होता आणि भांडं खाटेवर यायचं. घरी हे काम मुलगा करत होता. तो पाळीवर असला की आक्का. आणि दोघंही नसतील, घरात फक्त सून असेल, तर आबा थांबून राहायचे.

थांबायचं तर खायचं कमी, प्यायचं त्याहून कमी. त्यातून बद्धकोष्ठता, त्यातून पोट जड, त्यातून खरोखरच भूक नाही.

उरला प्रश्न डाव्या हाताने जेवण्याचा. दवाखान्यात आबा डाव्या हाताने खात होते, कारण तिथे तो हात दुसऱ्या कुठल्या कामाला लागत नव्हता. घरी उद्या स्वतःचं स्वतः धुवायचं ठरलं तर तोच हात, आणि जेवायलाही तोच. साठ वर्षं ज्या हाताने ताटाला शिवलं नाही त्याच हाताने, बायका-पोरांसमोर. याला कुणी हट्ट म्हणू नये. चमचा हातात दिला म्हणून ही अडचण जाणार नव्हती.

पर्याय आणि त्यांचा विचार

पहिला निर्णय क्रमाचा होता. चिठ्ठीप्रमाणे जेवणापासून सुरुवात करायची की संडासापासून? जेवण सगळ्यांना दिसत होतं, वजन उतरत होतं, घाई त्याची होती. तरी मी संडास आधी घेतला. जेवणाचा सराव कितीही केला असता तरी आबांच्या दृष्टीने जास्त खाण्याची शिक्षा तीच राहणार होती.

दुसरा निर्णय माझा एकटीचा नव्हता. नैराश्याची गोळी सुरू करायची का? डॉक्टरांशी फोनवर बोलले. पाणी कमी पिण्याचं कारण आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना त्यातला धोका त्यांना सांगितला. त्यांनी रक्ताची तपासणी करून घेतली, आबांना बोलावून मनाबद्दल नीट विचारलं, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार नाही याची खात्री केली, आणि तीन आठवडे थांबून पुन्हा बघू असं ठरवलं. उत्तर वेगळं असतं तर थांबलो नसतो.

संडासासाठी घरात आधीच एक बेत शिजत होता: सगळं फोडून 'इंग्लिश संडास' बसवायचा. मुलगा कर्ज काढायलाही तयार होता. पण बाकी चौघांना उकिडवं बसायचीच सवय, ऊसतोडीचे दिवस असल्याने गवंडी मिळेना, आणि काम चालू असताना पाच माणसांनी जायचं कुठे? शिवाय इंग्लिश भांडं बसवलं तरी नळ उजवीकडेच राहिला असता. खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवायची हा सोपा पर्याय आबांनी ऐकताक्षणी झिडकारला. सोप्यात, जिथे पाहुणे येतात तिथे? तो मीही पुढे रेटला नाही. रात्रीपुरतं लघवीचं भांडं मात्र त्यांनी मान्य केलं.

मग उरलं ते आहे त्या खोलीत बदल करणं. दार बाहेर उघडणारं करायचं, दुसऱ्या भिंतीवर, म्हणजे बसल्यावर डाव्या हाताला, आणखी एक पाइप आणि त्याच बाजूला जेट स्प्रे. जेटने धुतलं तर हात लावावा लागत नाही आणि एकाच हाताने काम होतं. इथे एक तांत्रिक पेच होता. पाण्याची टाकी स्लॅबवर होती आणि स्लॅब बुटका. जेटला जोर मिळेना. टाकी उचलून वर चौथऱ्यावर ठेवायची की छोटा पंप बसवायचा? प्लंबरने तिसरंच सुचवलं. टाकीपासून संडासापर्यंतची अर्ध्या इंचाची पाइप काढून एक इंची टाकायची आणि मधले काटकोनी वळसे कमी करायचे. उंची तीच राहिली तरी वाटेत जोर कमी मोडतो. तेवढ्याने भागलं.

जेवणासाठी तीन वाटा होत्या. सुनेने भरवत राहायचं. डाव्या हाताने चमच्याने खायचं. किंवा उजव्या हाताला जाड मुठीचा चमचा देऊन वाट बघायची. तिसरी वाट आबांना हवी होती. पण त्या हाताची मूठ उघडत नव्हती, दोन-तीन घासांत खांदा दमायचा, आणि भाकरी एका हाताने मोडणं हे बोटांचं फार बारीक काम आहे: तर्जनी आणि मधल्या बोटाने दाबून धरायचं आणि अंगठ्याने तोडायचं. ते इतक्यात येणार नव्हतं. दुसरीकडे, उजवा हात अजिबात वापरायचाच नाही असं ठरवलं तर मेंदू त्या हाताला विसरत जातो हेही तितकंच खरं.

केलेले बदल

पाइप, दार आणि जेट हे एका आठवड्यात झालं. खुर्चीच्या पायांचे रबरी बूट झिजले होते, ते बदलले. उतार असलेल्या फरशीवर तीच खुर्ची सरकत होती. उंबऱ्याची पायरी फोडली नाही, तिच्यापुढे आणखी एक अर्ध्या उंचीची पायरी केली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, हे नातवाने आजोबांना पाठ करून घेतलं. सराव पहिले काही दिवस कपडे घालूनच, दिवसाउजेडी, कुणी बाहेर उभं राहून केला. पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घातलं, कारण एका हाताने नाडीची गाठ सुटत नाही आणि घाईच्या वेळी तर नाहीच.

आबांचा खरा वेश धोतर. बाजारात शिवलेलं, चिकटपट्टीचं धोतर मिळतं ते मी सुचवलं. "नाटकातलं?" एवढंच म्हणाले. लेंगा चालेल, पण खोटं धोतर नको. विषय संपला.

आता हात धुण्याचं. एकाच हाताने तोच हात कसा धुवायचा? घासायला दुसरा हातच नाही. दवाखान्यात यासाठी चिकटणारा ब्रश सांगतात. तो खडबडीत भिंतीला चिकटत नाही. आक्कांनी वाळक्या घोसाळ्याचा चोथा आणला. तो न्हाणीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला लाकडी पट्टीवर चार खिळ्यांनी ठोकला, शेजारी जुन्या पायमोज्यात साबणाची वडी घालून नळाला बांधली. ओला हात मोज्यावर फिरवायचा, मग चोथ्यावर तळवा, बोटांच्या बेचक्या, नखं घासायची. ही जागा कुठे असावी यावर घरात चर्चा झाली. सुनेचं म्हणणं संडासालगत असावी. आबा म्हणाले न्हाणीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जेवायला बसण्याआधी सगळ्यांच्या देखत, निवांत हात घासणारे आबा पाहिल्यावर ते कळलं.

जेवण सोप्यातल्या खाटेवरून हललं. इतके दिवस घरचे स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचे आणि आबांना बाहेर एकटं भरवलं जायचं. आता स्वयंपाकघरात भिंतीला टेकून हात असलेली खुर्ची, पुढे टीपॉय, त्यावर ओलं फडकं आणि फडक्यावर उभ्या काठाची थाळी. ओल्या फडक्यामुळे थाळी सरकत नाही, आणि काठामुळे चमच्याला घास लोटायला जागा मिळते. आक्का भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यायच्या. पहिले चार-पाच घास उजव्या हाताने, सायकलच्या हँडलची जुनी मूठ चढवलेल्या चमच्याने, डाव्या हाताचा आधार देऊन. दमलं की डाव्या हाताने. ही मांडणी आबांनी विनातक्रार घेतली. माझ्या दृष्टीने ते चार घास उजव्या हाताचा सराव होता. आबांच्या दृष्टीने जेवणाची सुरुवात उजव्या हाताने होत होती.

खांद्याचं दुखणं याच काळात लक्षात आलं. मुलगा आबांना उठवताना काखेत हात घालून वर ओढायचा. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि असं ओढलं की सांधा खाली सरकतो. कमरेला धरून, आबांना पुढे वाकवून उठवायला त्याला शिकवलं. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. चार दिवसांत रात्रीचं कण्हणं कमी झालं असं आक्का म्हणाल्या.

आंघोळीला मी फारसा हात लावला नाही. दगडाऐवजी उंच स्टूल, घसरू नये म्हणून खाली गोणपाट, बादली डावीकडे. पाठ चोळणं, पायाला तेल लावणं हे आक्काच करतात. आबांना तेही स्वतः करता यावं म्हणून लांब दांड्याचा ब्रश आणता आला असता. मी विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "मी हाय की!" आणि आबा हसले. झटक्याच्या आधीही पाठ त्याच चोळत होत्या. मदत घेणारा आणि देणारा दोघंही खूश असतील तिथे मध्ये पडायचं कारण नसतं.

डेअरीचा मुद्दा

संडासाची सोय झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात आबांना मी विचारलं, आता काय करावंसं वाटतं. मला वाटलं रान म्हणतील. ते म्हणाले, डेअरी.

गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालायला आबाच जायचे. किटली द्यायची, फॅट लागेपर्यंत थांबायचं, पुस्तकावर आकडा चढवून घ्यायचा, फॅट कमी लागली तर सचिवाशी वाद घालायचा, आणि मग कट्ट्यावर अर्धा तास. दहा दिवसांनी बिल. झटका आल्यापासून हे नातू करत होता आणि फॅट किती लागली हे आबांना कळतही नव्हतं. मघाशी म्हटलेल्या उदासीतला बराच भाग मला इथे सापडला. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ सालची वर्गीकरण पद्धत शरीराचं कार्य, कृती आणि सहभाग अशा तीन गोष्टी वेगळ्या धरते. किटली उचलणं ही कृती. फॅटवरून वाद घालणं हा सहभाग. पहिलीशिवाय दुसरा होऊ शकतो का, हा आमच्यापुढचा प्रश्न होता.

मुलाचा साफ विरोध होता. "पडले बिडले तर? लोक म्हणतील म्हाताऱ्याला कामाला लावलंय." दुसरं वाक्य पहिल्याइतकंच जड होतं. चार-पाच लिटरची किटली डाव्या हातात घेतली तर काठी कुठे धरणार? पाठीवर घेतली तर तोल जाणार. तीनचाकी सायकलला आबा तयार नव्हते. शेवटी ठरलं ते असं: किटली नातवाकडे, पुस्तक आबांच्या खिशात. चालायचं आबांच्या वेगाने, त्यामुळे नातवाने वीस मिनिटं आधी उठायचं. लोक काय म्हणतील याचं उत्तर आक्कांनी दिलं. त्या स्वतः पहिल्या दिवशी सोबत गेल्या.

पहिल्याच आठवड्यात डेअरीच्या दारात, जिथे किटल्या धुतात तिथल्या शेवाळावर आबांची काठी घसरली. सचिवाने दंड धरला म्हणून निभावलं. काठीच्या टोकाला रुंद रबर लावलं आणि आबांसाठी मागच्या दाराने यायची सोय संस्थेनेच केली. मुलाने दोन दिवस बोलणं टाकलं होतं. जाणं मात्र थांबलं नाही.

निष्पत्ती

पाणी पिणं आधी वाढलं, जेवण त्यानंतर. दोन आठवड्यांत पोट साफ होऊ लागलं आणि भाकरी अर्धीवरून दीडवर गेली. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि गोळी सुरू करायची गरज नाही असं ठरवलं. मनावर लक्ष ठेवायला मात्र सांगितलं.

आम्ही रोजच्या कामांची मोजणी बार्थेल निर्देशांकाने करतो. तो १९६५ सालचा, अमेरिकेत तयार झालेला. दहा कामं, शंभर गुण. माणूस काय करू शकतो यापेक्षा तो प्रत्यक्षात काय करतो ते त्यात धरायचं असतं. पहिल्या भेटीत आबांचे ५० गुण होते, चार महिन्यांनी ८०. संडासाचे पाचाचे दहा झाले, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे आणि चालण्याचे पूर्ण पंधरा-पंधरा मिळाले. आंघोळीला तेव्हाही शून्य आणि आताही शून्य, कारण पाठ आक्का चोळतात. दाढीचं कोडं वेगळंच. स्वतःची दाढी स्वतः केली तरच निगेचे पाच गुण द्यायचे. आबांनी आयुष्यात स्वतः दाढी केली नव्हती. आठवड्याला न्हावी येतो. मी पाच दिले.

सगळं जमलं असं नाही. धार काढणं सुटलं ते सुटलं. एका हाताने म्हशीखाली बसणं धोक्याचं आहे, आणि आबांनाही ते पटलं आहे. दोनातली एक म्हैस विकली. त्या दिवशी ते पुन्हा जेवले नाहीत, पण याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. उजव्या हाताने भाकरी अजून मोडत नाही. भाताचा घास, चमचा आणि काठीची मूठ एवढं जमतं. नवस-देवाच्या वेळी प्रसाद ते उजवा तळवा पुढे करून घेतात, खालून डाव्याचा आधार देऊन. लग्नाच्या पंगतीत बसायला अजून तयार नाहीत. तिथे डाव्या हाताने खाताना चोथ्याची भिंत कुणाला दिसणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दहा आठवडे हा फार मोठा काळ आहे. पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. त्यातला बहुतेक काळ आबांनी कमी खाऊन, कमी पिऊन काढला. घरी सोडताना त्यांना औषधं, पथ्य आणि व्यायामाचा कागद मिळाला होता. घरी संडास कसा आहे, नळ कुठल्या बाजूला आहे, एवढे दोन प्रश्न आणि मोबाइलवर काढलेला एक फोटो, यावर हे सगळं दवाखान्यातच हेरता आलं असतं. तिथल्या माणसांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. एका वॉर्डात किती खाटा आणि किती माणसं असतात ते मी पाहिलं आहे. पण हे दोन प्रश्न नर्सही विचारू शकते.

आक्कांशी वेगळं, एकांतात बोलणं पहिल्याच दिवशी व्हायला हवं. या घरात बोलणारा मुलगा होता आणि जाणणाऱ्या आक्का होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. मुलासमोर आणि सुनेसमोर नवऱ्याचं असलं काही सांगायचं नाही म्हणून त्या चहाला उठल्या होत्या. आबा बोलले नसते तर अजून किती दिवस गेले असते, सांगता येत नाही.

आधाराचा पाइप बसवण्याआधी पेशंटला आत बसवून, वळवून खडूने खूण करायची, ही साधी पद्धत वेल्डरला माहीत असण्याचं कारण नाही. ती फिजिओथेरपिस्टने किंवा डॉक्टरांनी घरच्यांना सांगायला हवी. एक पाइप वाचला असता हा मुद्दा छोटा. त्या चुकीच्या पाइपमुळे "आधार करूनही जमत नाही म्हणजे आता जमणारच नाही" असा समज पक्का झाला होता, तो जास्त महाग पडला.

डेअरीचा प्रश्न मी तिसऱ्या आठवड्यात विचारला. तो पहिल्या दिवशी विचारावा की नाही, यावर माझ्या सहकाऱ्यांत दोन मतं आहेत. आधी विचारलं तर सरावाला हेतू मिळतो. उलट, ज्याला संडासापर्यंत एकट्याने जाता येत नाही त्याला डेअरीची आशा दाखवणं क्रूरपणाचं ठरू शकतं. आबांच्या बाबतीत पुन्हा संधी मिळाली तर मी आधी विचारेन. वैरणीच्या प्रश्नातून ते स्वतःच ते सांगत होते.

आता घरापुढे प्रश्न पावसाळ्याचा आहे. मागच्या दारापासून संडासापर्यंतची वीस-बावीस फुटांची वाट मातीची, आणि गोठ्याचं पाणी तिच्यावरूनच वाहतं. मुलाचं म्हणणं वरून पत्रा टाकू. पत्र्याने डोकं कोरडं राहील, वाट नाही. मी शहाबादी फरशी खरबरीत बाजू वर करून टाकायला आणि डाव्या हाताला दोरीऐवजी पाइपचा कठडा करायला सांगितलं आहे. गवंडी मे महिन्यात मोकळा होतो. खडूच्या खुणा आबांनी आणि नातवाने मिळून आधीच करून ठेवल्या आहेत, जातानाच्या वेगळ्या आणि येतानाच्या वेगळ्या.